ब्रायन वॉल्डन : मुलाखतीचं तंत्र नेमकं काय होतं?

ध्वनिफीत

ब्रिटिश टीव्हीवरच्या राजकीय मुलाखतींबद्दल सध्या जरा सलग वाचतेय. रॉबिन डे आणि जेरेमी पॅक्समन यांच्यावर ढिगाने लिहिलेलं सापडतं. ब्रायन वॉल्डन यांच्याबद्दल मात्र तीच ती चार वाक्यं फिरतात: मजूर पक्षाचे खासदार होते, खासदारकी सोडून टीव्हीवर आले, मार्गारेट थॅचर यांचे आवडते मुलाखतकार ठरले, आणि १९८९ च्या एका मुलाखतीनंतर बाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. २०२५ च्या जानेवारीत चॅनल फोरने त्या मुलाखतीवर दोन भागांचं नाट्य दाखवलं, तेव्हापासून नाव पुन्हा चर्चेत आलं, पण माहितीत फारशी भर पडली नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. कालचा खासदार आज मुलाखतकाराच्या खुर्चीत बसतो, हे तिथल्या नियमांत कसं बसलं? त्यांच्या मुलाखतींत 'उत्तरांचे फाटे' आधीच काढलेले असायचे म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? १९८९ मध्ये असं काय विचारलं? आणि शेवटचं, माझ्या कामाचं: दोन-तीन माणसांच्या टीमला अर्ध्या तासाच्या मराठी मुलाखतीसाठी यातलं काय उचलता येईल?

---

आडवाटेचा वाचक

कारकीर्द आधी सांगतो, कारण तंत्राचा उगम तिच्यातच आहे.

जन्म ८ जुलै १९३२, वेस्ट ब्रॉमिच. म्हणजे बर्मिंगहॅमला लागून असलेला कारखान्यांचा पट्टा. ग्रामर स्कूलमधून ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात, आणि १९५७ मध्ये ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्ष. रॉबिन डे हेही त्याच युनियनचे माजी अध्यक्ष (१९५०). दोघांची घडण वादसभेत झाली, वर्तमानपत्राच्या कचेरीत नाही, हे लक्षात ठेवा. समोरच्याच्या विधानातून पुढे काय निष्पन्न होतं, हे त्याच्याआधी ओळखायची सवय तिथली.

१९६१ मध्ये ऑस्वेस्ट्रीच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि पडले. १९६४ मध्ये बर्मिंगहॅमच्या ऑल सेंट्समधून निवडून आले, १९७४ पासून लेडीवूडचे खासदार. मजूर पक्षात ते माजी पक्षनेते ह्यू गेट्सकेल यांना मानणाऱ्या उजव्या बाजूचे. सभागृहातले गाजलेले वक्ते, पण मंत्रिपद कधी नाही. १९७६ मध्ये गोदी कामगारांच्या विधेयकावर त्यांनी आणि सहकारी खासदार जॉन मॅकिंटॉश यांनी स्वतःच्याच सरकारला मत दिलं नाही, आणि काठावरचं बहुमत असलेलं सरकार त्या मतदानात तोंडघशी पडलं. पक्षात पुढे काय मिळणार याचा अंदाज एव्हाना त्यांना आला असणारच.

१९७७ मध्ये योग जुळून आला. लंडन वीकेंड टेलिव्हिजन ही आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या जाळ्यातली कंपनी, तिच्याकडे लंडनचं प्रक्षेपण फक्त शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र. आठवड्याचे बाकीचे दिवस थेम्स या दुसऱ्या कंपनीचे. त्यामुळे या कंपनीचा गंभीर राजकीय कार्यक्रम रविवारी दुपारी लागायचा. 'वीकेंड वर्ल्ड', १९७२ पासून. सूत्रधार पीटर जे. पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांचे ते जावई, आणि १९७७ मध्ये त्यांची वॉशिंग्टनला राजदूत म्हणून नेमणूक झाली. (सासरे-जावई प्रकरणावर तिकडेही भरपूर आरडाओरड झाली. नेमणूक टिकली.) रिकाम्या खुर्चीत वॉल्डन आले.

आता नियमांचं. ब्रिटिश खासदाराला औपचारिकरीत्या राजीनामाच देता येत नाही. राजाच्या नावाचं एखादं नाममात्र लाभाचं पद मागून घ्यायचं, की सदस्यत्व आपोआप जातं. अशी दोन पदं याच कामासाठी शिल्लक ठेवली आहेत: चिल्टर्न हंड्रेड्स आणि नॉर्थस्टेड मॅनर. या मार्गाने जागा रिकामी झाली, १८ ऑगस्ट १९७७ ला लेडीवूडमध्ये पोटनिवडणूक झाली, आणि जागा मजूर पक्षाकडेच राहिली. मोकळा झालेला माणूस सूत्रसंचालक होण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. खासगी वाहिन्यांवर निःपक्षपातीपणाचं बंधन १९५४ च्या टेलिव्हिजन कायद्यापासूनच आहे, पण ते कार्यक्रमावर. सूत्रधाराच्या पूर्वायुष्यावर नाही.

गंमत म्हणजे त्याच १९७७ मध्ये ऑस्टिन मिचेल हे टीव्ही पत्रकार ग्रिम्सबीतून मजूर पक्षाचे खासदार झाले. एक आत, एक बाहेर.

वॉल्डन त्या खुर्चीत १९८६ पर्यंत होते. त्यांच्यानंतर मॅथ्यू पॅरिस हे हुजूर पक्षाचे खासदार हुबेहूब तेच करून आले: खासदारकी सोडली, वेस्ट डर्बीशरला पोटनिवडणूक झाली, पक्षाने ती जागा अवघ्या १०० मतांनी राखली. पॅरिस लिहितात उत्तम, पण त्या खुर्चीत रंगले नाहीत, आणि १९८८ मध्ये कार्यक्रम बंद झाला. म्हणजे खासदारकीचा अनुभव एकटा पुरत नाही, एवढं तरी सिद्ध झालं. वॉल्डन १९८८ मध्ये 'द वॉल्डन इंटरव्ह्यू' घेऊन परतले, पुढे नुसतं 'वॉल्डन' या नावाने ते १९९४ पर्यंत चाललं. नंतर बीबीसीवर इतिहासातल्या व्यक्तींवर टिपणाविना, थेट कॅमेऱ्याकडे पाहत दिलेली व्याख्यानं, आणि रेडिओवरची छोटी भाषणं. ९ मे २०१९ ला गर्न्सी बेटावर निधन, वय ८६.

एक बारीक गोष्ट. त्यांना 'र' नीट म्हणता येत नसे, तो 'व'कडे झुकायचा. नकलाकारांनी त्यावर पोट भरलं. टीव्हीसाठी आवाज 'तयार' असावा लागतो या समजुतीला हा चांगला उतारा.

---

प्रुफरीडर

तंत्राबद्दल लिहितो. ते एकट्या वॉल्डन यांचं नव्हतं, ही पहिली दुरुस्ती. त्यामागचा विचार 'वीकेंड वर्ल्ड'चे निर्माते जॉन बर्ट आणि पीटर जे यांचा. १९७५ मध्ये दोघांनी 'द टाइम्स'मध्ये लेख लिहून तक्रार मांडली: टीव्ही पत्रकारितेचा कल पक्षाकडे असो वा नसो, समजुतीच्या विरुद्ध नक्की असतो. बातमी घटना दाखवते, ती का घडली हे दाखवत नाही. म्हणून आधी विषयाचं संशोधन पूर्ण करायचं, मांडणी कागदावर पक्की करायची, मग चित्रण आणि मुलाखत. (हेच बर्ट पुढे १९९२ ते २००० बीबीसीचे महासंचालक झाले आणि ही शिस्त तिथेही लादली. अनेकांनी त्यांना मनापासून शिव्या घातल्या: कॅमेरा बाहेर पडायच्या आत निष्कर्ष ठरतो, म्हणून. तक्रारीत तथ्य आहे.)

या शिस्तीतली मुलाखत म्हणजे 'पुढचा प्रश्न काय' हे उत्तर ऐकल्यावर सुचण्याची वाट न पाहणं. संशोधक आधी पाहुण्याची सगळी जुनी विधानं काढायचे: सभागृहातली, पक्षाच्या अधिवेशनातली, लेखांतली. मग प्रत्येक प्रश्नाला तो काय काय उत्तरं देऊ शकतो ते लिहायचं, आणि प्रत्येक उत्तराखाली पुढचा प्रश्न. 'होय' म्हणाला तर इकडे, 'नाही' म्हणाला तर तिकडे. बुद्धिबळातल्या ओपनिंगसारखं.

इथे लोकांचा घोटाळा होतो. नुसते फाटे काढणं कोणीही करेल. कस लागतो तो मूळ प्रश्न निवडण्यात. पाहुण्याच्या दोन भूमिका एकमेकींशी जुळत नाहीत, ती जागा शोधायची आणि प्रश्न नेमका तिथे ठेवायचा, म्हणजे कोणत्याही फाट्याने गेला तरी काहीतरी कबूल करावं लागतं. जिथे एक फाटा पाहुण्याला सुखरूप बाहेर काढतो, तो प्रश्न कच्चा. तो टाकून द्यायचा, कितीही चटकदार असला तरी.

दुसरं अवजार म्हणजे गोळाबेरीज करणारं वाक्य. दहा मिनिटं बोलू द्यायचं, मग 'म्हणजे तुमचं म्हणणं असं होतं की...' म्हणून पाहुण्याची भूमिका त्याच्यापेक्षा स्वच्छ शब्दांत मांडायची आणि होकार मागायचा. याचं सर्वांत मोठं फळ १६ जानेवारी १९८३ च्या 'वीकेंड वर्ल्ड'मध्ये मिळालं. थॅचर स्वावलंबन, बचत, कष्ट यांवर बोलत होत्या. वॉल्डन म्हणाले, मी याला व्हिक्टोरियन मूल्यं म्हणेन. बाईंनी तत्काळ होकार भरला. 'व्हिक्टोरियन मूल्यं' ही त्या काळच्या थॅचरवादाची ओळख झाली, आणि तो शब्द टेबलावर ठेवला होता मुलाखतकाराने. आजही कित्येक ठिकाणी तो बाईंचा स्वतःचा शब्दप्रयोग म्हणून दिलेला दिसेल.

याच्या तीन वर्षं आधी, ६ जानेवारी १९८० ला, याच कार्यक्रमात बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची (वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची) गोष्ट आली: त्याच्याकडे नुसता सद्हेतू असता तर कोणी लक्षात ठेवलं नसतं, त्याच्याकडे पैसाही होता. हे मात्र बाईंचंच. लांब, घाई नसलेली मुलाखत असली की पाहुणा स्वतःच्या विचाराच्या टोकापर्यंत जातो, त्याचा हा नमुना. चार मिनिटांच्या मुलाखतीत हे वाक्य आलंच नसतं.

तिसरी गोष्ट सूर. आवाज चढवायचा नाही, मध्ये तोडायचं नाही, नम्रपणे पुढे जायचं. प्रश्न लांब असत, कधीकधी फारच लांब, पण त्यातला निम्मा भाग प्रेक्षकासाठी असे: हा मुद्दा महत्त्वाचा का, हे सांगून मग विचारायचं. त्यामुळे पाहुण्याने बगल दिली तर प्रेक्षकाला ती दिसते. प्रेक्षकाला मुद्दाच माहीत नसेल तर बगल दिलेली कळणार कशी?

---

ध्वनिफीत

हे फार उपयोगी आहे. पण 'व्हिक्टोरियन मूल्यं'बद्दल एक शंका. मुलाखतकाराने शब्द पुरवायचा आणि पाहुण्याने मान डोलवायची, हे तोंडात शब्द घालणं नाही का? आपल्याकडे 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' हे वाक्य तयारच असतं.

---

प्रुफरीडर

@ध्वनिफीत, सीमारेषा बारीक आहे खरी. फरक असा ठरवा: गोळाबेरीज पाहुण्याला त्याच्या तोंडावर ऐकवायची, नाकारायला पूर्ण जागा ठेवायची, आणि त्याचं उत्तर कापायचं नाही. १९८३ च्या मुलाखतीत बाईंनी होकार दिला आणि वर स्वतःहून भर घातली, देश मोठा झाला तेव्हा हीच मूल्यं होती अशा अर्थाची. शब्द दुसऱ्याचा असला तरी मालकी त्यांनी घेतली. तेच वाक्य मुलाखत संपल्यावर निवेदनात किंवा मथळ्यात घातलं असतं तर तो विपर्यास झाला असता.

एक धोका मात्र खरा आहे. गोळाबेरीज पाहुण्याच्या म्हणण्यापेक्षा जास्त सुसंगत होऊ शकते. गोंधळलेल्या माणसाला तुम्ही फुकटात तत्त्वज्ञान देऊन जाता. वॉल्डन यांच्यावर हा आक्षेप घेतला जायचा, आणि थॅचर यांच्या बाबतीत तो सगळाच काही खोटा नाही.

---

मध्यरात्रीचा चहा

१९८९ चं मी लिहिते. मुलाखतीचा शब्दन्‌शब्द उपलब्ध आहे, त्यामुळे ऐकीव गोष्टींवर विसंबायचं कारण नाही.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. नायजेल लॉसन जून १९८३ पासून अर्थमंत्री. युरोपीय चलन व्यवस्थेत चलनांचे आपसातले दर ठरावीक पट्ट्यात ठेवणारी विनिमय दर यंत्रणा होती, पौंड तिच्यात न्यावा असं त्यांचं मत. थॅचर यांचे वैयक्तिक आर्थिक सल्लागार प्राध्यापक ॲलन वॉल्टर्स यांचा त्याला उघड विरोध. ऑक्टोबर १९८९ मध्ये वॉल्टर्स यांच्या एका लेखातला मजकूर वर्तमानपत्रात आला, त्यात त्यांनी युरोपीय चलन व्यवस्थेला अर्धीकच्ची म्हटलं होतं. लॉसन यांनी मागणी केली की वॉल्टर्स यांना दूर करा. बाईंनी ऐकलं नाही. गुरुवार, २६ ऑक्टोबरला लॉसन यांनी राजीनामा दिला. आणि कहर म्हणजे त्याच दिवशी वॉल्टर्सही गेले. ज्याला वाचवण्यासाठी अर्थमंत्री गमावला, तो सल्लागारही उरला नाही.

वॉल्डन यांच्याशी मुलाखत आधीच ठरलेली होती. ती रविवार, २९ ऑक्टोबरला दाखवली गेली, म्हणजे हातात जेमतेम दोन-तीन दिवस. मूळ आराखडा बाजूला ठेवून सगळी मांडणी या एका राजीनाम्याभोवती करणं भाग होतं.

प्रुफरीडर यांनी वर सांगितलेली 'न जुळणारी जागा' इथे आयती मिळाली. बाईंची अधिकृत भूमिका: अर्थमंत्र्याचं स्थान अभेद्य होतं, माझा त्यांना पूर्ण पाठिंबा होता. मुलाखतीत त्या 'अभेद्य' हा शब्द परत परत वापरतात. आता याच्यासमोर प्रश्न ठेवा: तुम्ही प्राध्यापक वॉल्टर्स यांना काढलं असतं तर नायजेल राहिले असते, हे तुम्ही नाकारता का?

फाटे स्वतः काढून बघा. 'राहिले असते' म्हणाल्या, तर अर्थमंत्र्यापेक्षा अर्धवेळ सल्लागार मोठा ठरतो आणि 'पूर्ण पाठिंबा' कोसळतो. 'तरीही गेले असते' म्हणाल्या, तर मग ते गेले कशासाठी, हे सांगावं लागतं, आणि कारण धोरणाचं निघालं तर मतभेद होते हे कबूल. बाईंनी तिसरा रस्ता धरला: मला माहीत नाही. तोही दोनदा. त्याखालचा प्रश्न तयार होता: तुम्ही त्यांना हे विचारलंसुद्धा नाही? इथे त्या अडखळतात. वाक्य सुरू होतं, तुटतं, दुसरं सुरू होतं. अकरा वर्षं सभागृहात दर आठवड्याला प्रश्न झेलणाऱ्या... नाही, चुकले, तेव्हा पंतप्रधानपदाची दहा वर्षं झाली होती. तर अशा बाईंचं हे अडखळणं प्रेक्षकाने कधी पाहिलंच नव्हतं. वॉल्डन यांनी आवाज तसूभरही चढवलेला नाही, हे मुद्दाम ऐका.

पुढे त्यांनी स्वभावावर बोट ठेवलं. तुम्ही खासगीत चर्चा करणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या आहात म्हणता, मग बाहेर हुकूमशाही, कोणाचं न ऐकणारी बाई अशी प्रतिमा का दिसते? आणि हे शब्द स्वतःचे न म्हणता बाईंच्याच पक्षातल्या मागच्या बाकावरच्या खासदाराच्या तोंडचे म्हणून मांडले. बाईंचं उत्तर प्रसिद्ध आहे: या मुलाखतीत कोणी वरचढपणा करत असेल तर तो तुम्ही करताय, ब्रायन. हजरजबाबी आहे, पण उत्तर नाही.

घाव मात्र पुढच्या रविवारी बसला. ५ नोव्हेंबरला त्याच खुर्चीत लॉसन आले आणि त्यांनी सांगितलं की वॉल्टर्स यांना जावं लागेल हे मी पंतप्रधानांना स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे 'मला माहीत नाही' हे उत्तर एका आठवड्यात उघडं पडलं. पहिल्या मुलाखतीत बाईंना एका निश्चित विधानावर उभं केलं नसतं, तर दुसऱ्या मुलाखतीला धार आलीच नसती. मला तरी तंत्राचा खरा विजय या जोडीत दिसतो. सगळे जण ती 'वरचढपणा'वाली ओळच दाखवत बसतात.

त्यानंतर बाईंनी वॉल्डन यांना मुलाखत दिली नाही. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच पक्षाचे खासदार अँथनी मेयर यांनी पक्षनेतृत्वासाठी आव्हान दिलं, ३१४ विरुद्ध ३३ मतांनी ते पडले. नोव्हेंबर १९९० मध्ये बाई गेल्या. हे सगळं एका मुलाखतीमुळे झालं असं कोणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका. पोल टॅक्स (माणशी सारखा स्थानिक कर), युरोप, उपपंतप्रधान जेफ्री हाऊ यांचा राजीनामा, कारणं पुष्कळ होती.

---

तिरकस

आरती बरीच झाली, आता थोडं उलट.

वॉल्डन यांची पद्धत फक्त एका प्रकारच्या पाहुण्यावर चालते: ज्याला स्वतःची मांडणी आहे आणि ती सुसंगत दिसावी अशी ज्याची इच्छा आहे. थॅचर तशा होत्या, लॉसन तसे होते. ज्याला विसंगतीची लाजच वाटत नाही, त्याच्यापुढे हे सगळे फाटे वाया. तो हसून पुढे जातो.

शिवाय वेळ. तासाभराचा कार्यक्रम, एकच पाहुणा, एकच विषय. वॉल्डन गेल्यावर १९९५ पासून आयटीव्हीच्या त्या रविवारच्या जागेवर जोनाथन डिंबलबी आले, आणि पुढे हळूहळू ही लांबीच संपत गेली. दहा मिनिटांत काय करता येतं? रॉबिन डे यांची वकिली उलटतपासणी. (ते खरोखरच १९५२ मध्ये बॅरिस्टर झाले होते.) ऑक्टोबर १९८२ मध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट, जे पुढची निवडणूक लढवणार नव्हते, त्यांना डे यांनी 'आज आहेत, उद्या नसतील असे राजकारणी' म्हटलं आणि नॉट माइक काढून चालते झाले. बातमी झाली. माहिती शून्य.

पॅक्समन यांचा १३ मे १९९७ चा माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांच्याबरोबरचा प्रसंगही असाच गैरसमजात गुंडाळलेला आहे. तुरुंग प्रशासनाचे प्रमुख डेरेक लुईस यांचा निर्णय फिरवण्याची धमकी दिली होती का, हा एकच प्रश्न बारा वेळा. लोक याला तंत्र समजतात. पॅक्समन यांनीच नंतर सांगितलं की पुढची फीत तयार नव्हती, वेळ काढायचा होता. तरीही तो प्रश्न टिकला कारण तो होय-नाहीचा होता आणि उत्तर फक्त हॉवर्ड यांनाच माहीत होतं. 'तुम्हाला काय वाटतं' छापाचा प्रश्न बारा वेळा विचारून बघा, तुम्हीच वेडे दिसाल.

आणि जवळीक. वॉल्डन यांना थॅचर यांच्याबद्दल आदर होता आणि तो लपलेला नव्हता. त्यामुळेच बाई त्यांच्यासमोर मोकळ्या बोलायच्या, आणि त्यामुळेच कित्येक वर्षं त्यांना फार अवघड गेलं नाही. १९८३ ची मुलाखत आणि १९८९ ची शेजारी ठेवा. पद्धत तीच. पहिलीत गोळाबेरीज बाईंच्या कामी आली, दुसरीत त्यांच्या विरोधात गेली.

नियमांबद्दल पुरवणी: आज तिथे ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या संहितेत असं आहे की राजकारण्याला बातमीपत्रात वृत्तनिवेदक, मुलाखतकार किंवा वार्ताहर म्हणून वापरायचं नाही, अपवादात्मक संपादकीय कारण असल्याशिवाय. पदावरच्या खासदारांना सूत्रधार करणाऱ्या जीबी न्यूज या वाहिनीवर मार्च २०२४ मध्ये ऑफकॉमने ठपका ठेवला, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातल्या दोन कार्यक्रमांबाबत वाहिनी उच्च न्यायालयात जिंकली. वॉल्डन यांनी आधी खासदारकी सोडली, हा फरक महत्त्वाचा.

---

आडवाटेचा वाचक

@तिरकस, वेळेबद्दल पूर्ण सहमत.

भारताशी एक थेट धागा आहे तो नोंदवतो. करण थापर याच लंडन वीकेंड टेलिव्हिजनमध्ये ११ वर्षं होते. त्यांच्या मुलाखतींत 'पण तुम्हीच अमुक तारखेला तमुक म्हणाला होता' आणि मग 'म्हणजे तुम्ही कबूल करताय की' अशी जी रचना दिसते, तिचं घराणं हेच. फक्त सूर जास्त तिखट. आणि सूर बदलला की काय होतं, तेही दिसतं: २००७ मध्ये नरेंद्र मोदी पहिल्या तीनेक मिनिटांतच पाणी मागून, माइक काढून उठले. वॉल्डन पद्धतीत कठीण प्रश्न सुरुवातीला येत नाही, कारण पाहुणा खुर्चीत बसून राहिला तरच फाट्यांच्या झाडाला अर्थ आहे.

---

प्रुफरीडर

@ध्वनिफीत, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आता येतो. दोन-तीन माणसं, अर्धा तास.

विषय एकच घ्या. अर्ध्या तासात ओळख, जाहिरात वजा जाता २४-२५ मिनिटं उरतात. त्यात मुळाचे पाच प्रश्न बसतात, सहावा सहसा बसत नाही. प्रत्येकाला तीन फाटे धरले तर १५ कार्डं होतात. आणखी एक पायरी खाली गेलात की ४५. ती लिहून होतील, पण खुर्चीत बसून सापडणार नाहीत. म्हणून तीन प्रश्नांना एकच पायरी, आणि ज्या दोन प्रश्नांवर मुलाखत उभी आहे त्यांनाच दोन पायऱ्या: ९ आणि १८, एकूण २७ जागा. A४ कागद आडवा धरून एका पानावर एक प्रश्न, असे पाच कागद. पानं टाचू नका, उलटताना आवाज माइकवर येतो.

तीन फाटे कोणते? 'होय', 'नाही', आणि तिसरा कायम बगलेचा. मराठी राजकारणात बगलेची उत्तरं ठरलेली आहेत: 'पक्षश्रेष्ठी ठरवतील', 'आम्ही एकत्र बसून निर्णय घेऊ', 'मी काही तसं ऐकलेलं नाही'. प्रत्येकाखालचा प्रश्न आधी लिहा. 'श्रेष्ठी ठरवतील' याच्याखाली: 'तुमचं स्वतःचं मत श्रेष्ठींना कळवलंत का?' हे परत होय-नाहीवर येतं. वर १९८९ मध्ये 'मला माहीत नाही'च्या खाली 'विचारलंसुद्धा नाही?' होतं, त्याचीच ही धाकटी बहीण.

प्रत्येक फाट्याखाली पुरावा एकच, तारखेसह, एका ओळीत. सभागृहातलं विधान असेल तर अधिवेशन आणि तारीख. कात्रणावर विसंबणार असाल तर मूळ व्हिडिओ स्वतः पाहा. वर्तमानपत्राने गोळाबेरीज केलेलं वाक्य तुम्ही अवतरण म्हणून वाचलंत की पाहुणा 'मी असं म्हणालोच नाही' म्हणतो, आणि तो बरोबर असतो. तिथून पुढची पाच मिनिटं गेली.

तालीम करा. टीममधल्या एकाने पाहुणा व्हायचं आणि त्याचं काम उत्तर टाळणं एवढंच. ज्या प्रश्नातून तो सहज सुटतो, तो प्रश्न बाद.

गोळाबेरीज वाक्य पंधरा शब्दांच्या आत ठेवा आणि ते म्हणून झाल्यावर गप्प बसा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. शांतता सहन होत नाही, दुसरा प्रश्न जोडला जातो, आणि पाहुणा दोहोंतल्या सोप्याचं उत्तर देतो. दोन प्रश्न एका दमात विचारले की पहिला मेला असं समजा.

फाटे चुकले तर? म्हणजे पाहुणा तुमच्या कागदावर नसलेलंच काहीतरी नवं बोलला, तर कागद सोडा आणि त्या नव्या विधानामागे जा. तयारीचा खरा उपयोग हाच की नवं काय आहे ते लगेच ओळखू येतं. कागदाला चिकटून पुढचा ठरलेला प्रश्न विचारणारे मुलाखतकार दर आठवड्याला दिसतात, समोर बातमी पडलेली असते आणि ते तिला ओलांडून जातात.

---

मध्यरात्रीचा चहा

एक सोय सांगते. थॅचर यांच्या १९८०, १९८३ आणि १९८९ च्या तिन्ही मुलाखतींची पूर्ण लिखित प्रत मार्गारेट थॅचर फाउंडेशनच्या संकेतस्थळावर मोफत आहे. १९८९ ची प्रत छापून घ्या, बाईंची उत्तरं कागदाने झाका आणि प्रत्येक प्रश्नाखाली तीन शक्य उत्तरं स्वतः लिहा. मग कागद सरकवून पुढचा प्रश्न बघा. दोन-तीन पानांतच कळायला लागतं की वॉल्डन कुठल्या फाट्यावर आहेत, आणि कुठे त्यांनी कागद सोडलाय.

---

ध्वनिफीत

सर्वांचे आभार. १९८९ ची प्रत मिळाली. @मध्यरात्रीचा चहा, पहिल्याच पानावर अडकलेय: वॉल्टर्स यांचा विषय सरळ न काढता आधी 'अभेद्य' या शब्दावर एवढा वेळ का घालवतात?

---

मध्यरात्रीचा चहा

कारण तो शब्द बाईंनी स्वतः आणि वारंवार उच्चारायला हवा होता. वॉल्टर्सचा प्रश्न त्याच्याआधी आला असता, तर बाईंना भूमिका थोडी मऊ करायला वाव राहिला असता.